रूलन हेकॉक आणि वाटेवरच्या लगोऱ्या

"माणूस दरीत वाट शोधत नसतो. ज्याची लायकी असते, त्याला दरी आपणहून वाट देते."

हे वाक्य रूलन हेकॉकने उच्चारलं तेव्हा तो सेंट जॉर्ज शहरातल्या एका अवाढव्य दुकानासमोरच्या, गाड्या लावायच्या मैदानात उभा होता आणि आपला पिकअप कुठे लावलाय हे त्याला आठवत नव्हतं. त्याची बायको ओपल ढकलगाडीच्या दांड्याला टेकून उभी होती. ढकलगाडीत बरण्यांची झाकणं होती, साखरेची पोती होती आणि एक आइस्क्रीमचा डबा होता, ज्याच्याकडे फारसा वेळ उरलेला नव्हता. ओपलने ते वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग दोन रांगा ओलांडून ती सरळ पिकअपपाशी गेली आणि सामान भरायला लागली. रूलन मागून आला.

"मी तिकडेच निघालो होतो," तो म्हणाला.

"हो ना," ओपल म्हणाली.

रूलनला हे वाक्य म्हणण्याचा अधिकार होता, हे मान्य करायला हवं. उभं आयुष्य त्याने ते म्हटलं होतं आणि लोकांनी पैसे मोजून ऐकलं होतं. सॉल्टबुश गावाच्या पलीकडे पीचट्री कॅनियन आहे. तिथे पीचचं एकही झाड नाही, कधी नव्हतंच. नाव ठेवणारा माणूस बहुधा फार भुकेला असावा. त्या दरीत रूलन आणि ओपल शहरी मंडळींच्या पाठीवर बोचकी चढवून त्यांना तीन-चार दिवस फिरवून आणायचे. पुढे रूलन. हातात नकाशा नाही, होकायंत्र नाही, नजर लांब कुठेतरी आणि तोंडाने गोष्ट चालू. मागे डेन्व्हरचे वकील, शिकागोच्या शिक्षिका आणि पायांना फोड आलेले बँकवाले, श्रद्धेने रांगेत.

ओपल त्या वेळच्या फोटोंत कुठेच सापडत नाही. ती उजाडतानाच स्वयंपाकाचं बोचकं घेऊन पुढे गेलेली असायची. मंडळी मुक्कामाला पोचायची तेव्हा कॉटनवुडच्या झाडांच्या सावलीत चूल पेटलेली असायची आणि बिडाच्या जाड भांड्यात, खाली निखारे, झाकणावर निखारे, अशा थाटात पीचचा कॉबलर, म्हणजे फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ, फुगत असायचा. त्या वासाने भलेभले वकील गहिवरायचे. आधी ते रूलनशी हात मिळवायचे, म्हणायचे, बुवा, तुम्ही वाट कशी काढलीत कळत नाही, आणि मग हात न धुता कॉबलरवर तुटून पडायचे. परतीच्या दिवशीही ओपल आधीच निघायची, वर गाडीपाशी कलिंगड कापून ठेवायला.

आता धंदा पुतणीकडे होता. जनील हेकॉक कष्टाळू होती, नीटनेटकी होती, आणि काकांना आडवं बोलत नव्हती. ती फक्त हसायची, आणि ते काकांना जास्त लागायचं.

यंदा जुन्या गिऱ्हाइकांपैकी काही जणांनी जनीलला कळवलं की वसंतात आम्ही पुन्हा यायचं म्हणतोय, गुडघे अजून आहेत तोवर; पण पुढे रूलन चालणार असेल तरच. रूलन दोन दिवस जमिनीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी जनीलने सांगितलं की सरकारी कचेरीचा नियम असा आहे, ज्याला मंडळी न्यायची आहेत त्याने आधी एका सफरीत पाहुणा म्हणून यायचं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना स्वतः वाट दाखवत बाहेर आणायचं. ते जमलं तर ती सही करील आणि वसंतातली सफर रूलनकाकांची.

"पाहुणा?" रूलन म्हणाला. "माझ्याच दरीत?"

"चहापाणी सगळं मिळेल, काका," जनील म्हणाली आणि हसली.

कचेरीत पाहुण्याला एक कागद भरावा लागतो. त्यात दरीबाहेरच्या एका माणसाचं नाव द्यायचं असतं, तुमचं काही बरंवाईट झालं तर ज्याला कळवायचं असा. रूलनने ओपलचं नाव दिलं. खिडकीतली बाई म्हणाली, त्या तुमच्याबरोबर दरीत आहेत. त्याने जनीलचं दिलं. त्याही दरीत आहेत. रूलनने पेन तोंडात धरून विचार केला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याच्या ओळखीची सगळी माणसं एकतर दरीत आहेत किंवा गावाबाहेरच्या दफनभूमीत. फोन उचलू शकेल असा एकच जण उरत होता, तो म्हणजे शेजारचा ऑर्सन टिब्स. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. टिब्स आपली पाळी संपल्यावरही पाटाचं दार उघडं ठेवतो, असं रूलनचं म्हणणं, आणि पाणी स्वतःहून येतं, असं टिब्सचं. रूलनने जड हाताने ते नाव लिहिलं.

टिब्सने ही नेमणूक फार मनावर घेतली. संध्याकाळी तो कुंपणापाशी आला, टोपी काढून.

"ब्रदर हेकॉक," तो चर्चमधल्या रिवाजाने म्हणाला, "बातमी आली तर ती मी चर्चमध्ये सांगू की आधी घरोघर जाऊ?"

"कसली बातमी?"

"तेच ते," टिब्स हळुवारपणे म्हणाला.

त्या दिवसापासून तो रोज यायला लागला. छातीत कळ येते का, रात्री किती वेळा उठावं लागतं, शवपेटी पाइनची चालेल की ओकच लागेल, याची तो आस्थेने चौकशी करायचा. त्याच्या बायकोने बटाट्याचं ते दही-चीज घातलेलं भाजकं करून आणलं, जे आमच्याकडे कुणी गेलं की शेजारी नेऊन देतात. थोडं आधी झालंय, पण सांभाळून घ्या, असा निरोप होता. रूलनने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, मीठ कमी आहे.

मग सामानाची तपासणी. जनीलने अंगणात काटा टांगून एकेकाचं बोचकं तोललं. सफरीला आणखी एकच जोडपं होतं, क्लीव्हलँडचे दंतवैद्य मिल्टन वॉसर आणि त्यांची बायको फेय. दोघांची बोचकी पिसासारखी. ओपलचंही हलकं. रूलनचं बोचकं काट्याला लावलं तेव्हा ज्या फांदीला काटा टांगला होता ती वाकली. आत बिडाचं भांडं होतं, झाकणासकट, आणि पीचच्या बरण्या. जनीलने समजावलं की हल्ली जेवण पाकिटातून येतं, गरम पाणी ओतलं की झालं, आणि दरीत लाकूड पेटवायला तर पूर्ण बंदी आहे. रूलनने मान डोलावली, भांडं घरात ठेवून आला, आणि जनीलची पाठ वळताच पुन्हा घेऊन आला.

ओपलच्या बुटांवरही चर्चा झाली. ते बूट तिच्या गाइडगिरीच्या काळातले. ती पाय आत वळवून चालते, टाच एका बाजूने झिजते, म्हणून कनॅब गावच्या चांभाराने डाव्या टाचेला अर्धचंद्राच्या आकाराचा लोखंडी नाल ठोकून दिला होता. चर्चमध्ये ती उशिरा आली की अख्ख्या प्रार्थनेला कळायचं. जनील म्हणाली, काकू, नवे हलके बूट घ्या, हे खडकावर घसरतात. ओपल म्हणाली, माझे घसरत नाहीत, आणि विषय संपला. ओपलचे विषय असेच संपतात.

शेवटचा धडा पिशवीचा. पूर्वी दरीत माणूस खुरपं घेऊन झुडपामागे जायचा आणि परत येताना शीळ घालत यायचा. आता तसं नाही. आता जे कराल ते पिशवीत, पिशवी बोचक्यात, बोचकं पाठीवर, आणि सगळं वर आणायचं. जनीलने रिकामी पिशवी हातात धरून कृती समजावली. डॉक्टर वॉसर यांनी दोन शंका विचारल्या, त्यातली दुसरी फारच तपशिलात होती. रूलन त्या वेळी डोंगराकडे बघत होता. या दरीत आपण राज्यपालांच्या मेहुण्याला आणलं होतं, एवढंच तो म्हणाला. त्या मेहुण्याचं पुढे काय झालं, हे त्याने सांगितलं नाही.

गाड्या ठेवायच्या जागेपासून दरीच्या तोंडापर्यंत सगळा नागडा खडक आहे. वाऱ्याने घासून गोल केलेले तांबूस घुमट, भट्टीत फुगलेल्या पावांसारखे, एकासारखा एक. झाड म्हणाल तर मधूनच एखादा वाळका ज्युनिपर, मातीचा पत्ता नाही, कुठे दोन घुमटांच्या खोबणीत तेवढी वाऱ्याने आणून टाकलेली वाळू. तिथल्या वाटेवर जनीलने ठिकठिकाणी दगडांच्या छोट्या लगोऱ्या रचून ठेवल्या होत्या. तीन-चार चपटे दगड एकावर एक. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते.

रूलनला लगोरीचा मनापासून राग. दरीत माणसाने आपली खूण ठेवू नये, हे त्याचं तत्त्व. या भागातल्या जुन्या गाइडांची एक पद्धतच आहे, परक्याने रचलेली लगोरी दिसली की बुटाने उडवायची, जशी आपण पानावरची माशी उडवतो. जनील वॉसर मंडळींना घेऊन पुढे होती. मागे रूलन आणि ओपल, ओपल काठी टेकत. पहिली लगोरी आली. रूलनने इकडेतिकडे पाहिलं आणि लाथ घातली. दगड घरंगळत गेले. त्याला इतकं बरं वाटलं की दुसरीला तो जरा पळत गेला.

"राहू दे की एखादी," ओपल म्हणाली.

"दरीला खुणा लागत नाहीत."

"दरीला नाही लागत," ओपल म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

दरीच्या तोंडाशी पोचेपर्यंत रूलनने एकही सोडली नाही. चेहऱ्यावर सारवलेल्या अंगणाचं समाधान होतं.

खाली मात्र दरी होती तशीच होती. कॉटनवुडची पानं तशीच टाळ्या वाजवत होती, ओढा तसाच घोट्याएवढा, भिंतीवरचे काळे पाण्याचे ओघळ तसेच. जुन्या मुक्कामाच्या जागी आल्यावर रूलनचा आवाज आपोआप खाली आला. इथे चूल असायची, तो म्हणाला. इथे मिनियापोलिसची ती बाई बसून रडली होती, कारण तिला आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळ बघावंसं वाटलं नव्हतं. फेय वॉसर यांनी आपलं घड्याळ हळूच बाहीखाली सरकवलं. ओपल खडकाच्या एका कोनाड्याशी गेली आणि आत हात घालून पाहिला. पूर्वी ती तिथे मिठाचा डबा ठेवायची. डबा नव्हता, खडक मात्र त्या जागी जरा गुळगुळीत झालेला होता.

संध्याकाळी रूलनने भांडं बाहेर काढलं. जनीलने कपाळाला हात लावला, पण आता ते वर परत पाठवणार कोण? निखारे नव्हते, तेव्हा तिच्या बोटभर गॅसच्या शेगडीवर ते भांडं ठेवलं गेलं. मांजरावर म्हैस बसवावी तसं ते दृश्य होतं. कॉबलर खालून कोळसा झाला आणि वरून कच्चा राहिला. मधे एक थर होता, जेमतेम बोटभर, तो मात्र जुन्या दिवसांसारखा होता. डॉक्टर वॉसर खालचा थर चावताना थांबले, जिभेने काहीतरी चाचपून पाहिलं आणि धंद्याला शोभेल अशा गांभीर्याने म्हणाले, उत्तम आहे. ओपलने मधला थर चमच्याने सोडवून रूलनच्या ताटलीत घातला. त्याने तो पुन्हा तिच्या ताटलीत घातला. असं करता करता तो थर गार झाला.

परतीचा दिवस उजाडला. रात्रभर वारा सुटला होता. दरीतून वर, खडकावर आल्यावर जनीलने पुढची जागा सोडली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"चला काका," ती म्हणाली. "आता तुम्ही."

रूलनने टोपी सारखी केली. नजर लांब लावली. "माणूस दरीत वाट शोधत नसतो," त्याने सुरुवात केली, आणि वाक्य पुरं करून पहिला घुमट चढला. मग दुसरा. राज्यपालांच्या मेहुण्याची गोष्ट त्याने लावली होती आणि ती रंगत होती. मेहुणा ओढ्यात पडायच्या बेताला आला असताना समोर एक वाळका ज्युनिपर आला. वाकडा, एका बाजूला झुकलेला. रूलनने त्याला वळसा घातला आणि मेहुण्याला ओढ्यात पाडलं. बऱ्याच वेळाने मेहुणा कोरडा झाला तेव्हा समोर पुन्हा एक वाकडा ज्युनिपर आला.

"याचा मी मघाशी फोटो काढलाय," डॉक्टर वॉसर म्हणाले. त्यांनी फोटो दाखवला. तोच होता.

रूलन म्हणाला की या भागात सगळे ज्युनिपर असेच असतात. पण आता त्याने गोष्ट सांगायचं थांबवलं होतं. पाय, जे आयुष्यभर न विचारता वळले होते, ते आज दर चार पावलांनी त्याच्याकडे बघत होते. घुमटामागे घुमट. तिसऱ्यांदा ज्युनिपर आला तेव्हा फेय वॉसर यांनी त्याच्या सावलीत बोचकं उतरवून ठेवलं, सराईतपणे, घरी आल्यासारखं.

जनील पुढे आली. तिच्या कमरेला ते आकाशातल्या उपग्रहांना वाट विचारणारं यंत्र होतं, पण तिने त्याला हात लावला नाही. ती नुसती खडकाकडे बघत होती.

"इथून दुसरी लगोरी दिसायला हवी," ती म्हणाली. "एकूण एक मी स्वतः रचलीय, काका. कचेरीने सांगितलं होतं. गेल्या वर्षी दोन माणसं इथे रात्रभर अडकून पडली, म्हणून. वाऱ्याने दगड पडतात का?"

रूलनने वाऱ्याचा विचार करून पाहिला. ओपलकडे पाहिलं. ओपल क्षितिजाकडे बघत होती, जिथे बघायची सवय खरं तर त्याची.

"मी पाडल्या," तो म्हणाला.

सही, वसंतातली सफर, जुनी मंडळी, सगळं त्या ज्युनिपरला टेकून उभं होतं आणि हळूहळू घसरत होतं. रूलनला टिब्सची आठवण झाली. टिब्स आता टोपी काढून दारोदार जाणार आणि म्हणणार, तसा माणूस चांगला होता, पाण्याच्या बाबतीत जरा हट्टी.

ओपलने काठी उचलली. "मी जरा पुढे होते," ती म्हणाली, "तुम्ही दम खाऊन या," आणि टकटक करत समोरच्या घुमटामागे दिसेनाशी झाली. दुकानापुढच्या मैदानात गेली होती तशीच, मागे वळून न बघता.

रूलनने बोचक्याचे पट्टे आवळले. मग बाकीच्यांना घेऊन तिच्या मागे निघाला. घुमटाला वळसा घातला तर ओपल दिसेना, नालाचा आवाजही नाही. खडकावर खूण कशी राहणार? दोन घुमटांच्या मधे तेवढी वाळूची एक पट्टी होती, वाऱ्याने नव्याने झाडलेली. त्या वाळूत बुटांचे ठसे होते, जरा आत वळलेले, आणि डाव्या टाचेला अर्धचंद्र.

रूलनचे पाय वळले. त्यांनी त्याला विचारलं नाही. पुढच्या खोबणीत पुन्हा वाळू, पुन्हा अर्धचंद्र, पुन्हा पाय वळले. आणि त्याच्या नकळत तोंडातून मेहुण्याची गोष्ट पुढे सुरू झाली, जिथे थांबली होती तिथूनच. दोन वाक्यं बोलल्यावर तो मधेच थबकला. डॉक्टर वॉसर त्याच्या पाठीवर येऊन आदळले, बिडाचं भांडं घंटेसारखं वाजलं.

त्याला सगळी वर्षं एकदम दिसली. सगळे वकील, सगळ्या शिक्षिका, लांब लागलेली आपली नजर, आणि त्या नजरेच्या खाली, रोज सकाळी, वाळूच्या प्रत्येक पट्टीत, ताजा, न चुकता उमटलेला हा चंद्र. नजर क्षितिजावर होती खरी. पाय मात्र कधीचेच खाली बघून चालत होते.

मेहुण्याला त्याने तिथेच सोडलं. खाली बघत चालला.

गाड्या दिसल्या तेव्हा ओपल पिकअपचं मागचं फळकूट पाडून त्यावर बसली होती. शेजारी कलिंगड कापून ठेवलेलं होतं. गाडीत ते आधीपासून होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. ते कधी ठेवलं हेही रूलनला ठाऊक नव्हतं.

"एवढा वळसा घालून वाळूत का उतरायचीस?" त्याने तिला विचारलं, बाकीचे कलिंगडाशी होते तेव्हा. "खडकावरून सरळ सोपं आहे."

"खडकावर तुला दिसलं नसतं," ओपल म्हणाली.

"आणि तुला वाट कशी कळायची?"

"माझ्या पुढे कुणी नसायचं रे. मला बघावंच लागायचं."

जनील हात पुसत आली. ती म्हणाली की नियमाप्रमाणे मंडळींना बाहेर काढलं ओपलकाकूंनी, तेव्हा सही त्यांच्या नावावर होईल. वसंतात पुढे काकू, पहाटे नाही, सगळ्यांबरोबर, सावकाश. त्यांच्यामागे काका. गोष्टी काकांनीच सांगायच्या, त्याशिवाय ती जुनी मंडळी येणार नाहीत. आणि त्याआधी काकांनी एकट्याने येऊन सगळ्या लगोऱ्या होत्या तिथे रचायच्या. हे सांगताना ती हसली, आणि आज काकांना ते लागलं नाही.

वॉसर मंडळी आपापल्या पिशव्या घेऊन कचऱ्याच्या लोखंडी पेटीकडे गेली. रूलन आणि ओपल दोघंच उरले. ऊन उतरलं होतं, घुमट पिकल्या पीचच्या रंगाचे झाले होते. रूलनने टोपी काढली. त्याला ओपलशी बोलायचं होतं. फार मोठं बोलायचं होतं, आजवर वकिलांना, शिक्षिकांना, राज्यपालांच्या मेहुण्याला, सगळ्यांना सगळं सांगून झालं होतं आणि हे एवढंच राहिलं होतं. त्याने घसा साफ केला. नजर लांब लावली, मग आठवण होऊन ती खाली आणली.

"ओपल," तो म्हणाला, "माणूस आयुष्यात—"

"ते सांग, पण आधी हे बघ," ओपल म्हणाली आणि तिने डावा पाय त्याच्यापुढे लांब केला. "हा बूट ओढून काढ जरा. मघापासून टोचतंय. तूच उडवलेल्या लगोरीतला खडा गेलाय आत."